दाराशी आलेल्या जिवाचे पालन

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना वाटेत तिसगाव लागते. गर्भगिरीच्या डोंगररांगेजवळचा हा अवर्षणप्रवण टापू. आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचे जन्मगाव चिचोंडी याच पाथर्डी तालुक्यातले, आणि जिच्या यात्रेतील गाढवांचा बाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे ती कानिफनाथांची मढीही येथून जवळच. माणूस आणि जनावर एकाच छपराखाली वाढण्याची रीत या भागात जुनी आहे. वस्तीवर राखणीला कुत्रा, पेठेतल्या दुकानात पोत्यांवर पहुडलेले मांजर, आणि सकाळी पहिली भाकरी गाईला व कुत्र्याला काढून ठेवणारी गृहिणी, हे चित्र येथे कोणालाही परके वाटणार नाही.

गेल्या काही वर्षांत या चित्रात एक बदल झाला आहे. दारातला कुत्रा घरात आला. शिकायला पुण्याला गेलेला मुलगा सुटीत येताना एखादे विलायती जातीचे पिल्लू घेऊन येतो, नात मांजरीसाठी हट्ट धरते आणि श्रावकाच्या घरात प्रश्न उभा राहतो: हे आपल्याला चालते का? चालत असेल, तर कसे सांभाळायचे? पहिला प्रश्न आचाराचा आणि दुसरा ज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. अज्ञानाने केलेल्या पालनात प्रेम कितीही असले, तरी जिवाला पीडा होतेच.

पाळणे आणि पोसणे

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीजनपोषण’ हे शेवटचे आहे. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ सांगताना धनप्राप्तीसाठी मांजर, कुत्रा इत्यादी प्राणी पोसण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. निषेधाचा रोख धंद्यावर आहे. मादीला वर्षातून दोनदा व्यायला लावून पिल्ले विकणे हा आजचा धंदा त्या निषेधाच्या कक्षेत सरळसरळ येतो. असे पिल्लू विकत घेणारा ग्राहक त्या धंद्याला हातभार लावतो, हेही विसरता येत नाही.

निराश्रित जिवाला आसरा देणे मात्र वेगळे, आणि आपल्या समाजाची ती परंपराच आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तेव्हा घरात कुत्रा हवाच असेल, तर गल्लीत जन्मलेले गावठी पिल्लू आणावे. ते या उन्हाला आणि या मातीला सरावलेले असते. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला दाट केसांचा हस्की नगरच्या वैशाखात आणून ठेवणे ही त्याला दिलेली शिक्षाच होय.

आणल्यानंतर काय? पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात नेहमी आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. बैल आणि घोडे डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेले हे पाच दोष आजच्या कुत्र्या-मांजरांनाही तंतोतंत लागू पडतात.

बंध : साखळी आणि बिबट्या

टीकाकारांनी बांधण्यातही भेद केला आहे. जनावराला हालचाल करता यावी आणि आग लागल्यास दावे चटकन सोडता यावे, असे बांधणे सापेक्ष. करकचून, निर्दयपणे बांधणे निरपेक्ष आणि म्हणून दोषास्पद. देशाचा कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा मालकाचा अपराध आहे. दिवसभर दोन हात साखळीत राहिलेला कुत्रा चिडका होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावतो आणि मग ‘हा मुळातच वाईट’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास मोकळी चाल मिळाली, की त्याचा निम्मा राग जातो. चालताना त्याला हुंगू द्यावे; आपण वर्तमानपत्र वाचतो, तसा तो वासाने गाव वाचत असतो.

आपल्या भागात साखळीचा आणखी एक धोका आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बालकांचा बळी गेला. त्यांतील एक घटना मढीची होती. बिबट्या वस्तीकडे का येतो, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यातील अभ्यासात मिळते. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, झाडाआड जाऊ शकत नाही. राखणदार म्हणून बांधलेला तो जीव बिबट्यासाठी आमिष ठरतो आणि बिबट्याला थेट माणसांच्या दारापर्यंत आणतो. म्हणून वस्तीवरच्या कुत्र्याला रात्री दार लावता येईल अशा पडवीत किंवा जाळीच्या बंदिस्त खोलीत घ्यावे. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. त्यात कुत्र्याचे रक्षण आहे आणि आपल्या मुलांचेही.

वध : मारणे आणि न समजणे

वध या अतिचाराचा अर्थ येथे ताडन, म्हणजे मारहाण. कुत्र्याने घरात घाण केली म्हणून त्याचे नाक त्यात घासणे, चप्पल फेकणे, काठी उगारणे हे आजही सर्रास चालते. घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा त्याला उमगत नाही; त्याला एवढेच कळते, की या माणसाचा हात धोक्याचा आहे. योग्य जागी शी-शू केल्यावर त्याच क्षणी कौतुकाचा शब्द आणि लहानसा खाऊ, ही शिकवण अधिक लवकर रुजते. पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यावे. बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत शिकतात.

मारहाणीचे मूळ बहुधा न समजण्यात असते. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हा समज अपुरा आहे. ढिल्या अंगाने, कमरेपासून हलणारी शेपूट आनंदाची. ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपूट ताणाची. झोप आलेली नसताना जांभई देणे, वारंवार ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही ‘मला मोकळे सोडा’ अशी विनंती आहे. ती ऐकली नाही, तर तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नये. ती सूचना दडपली गेली, की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. लहान मुलांना तीन नियम शिकवावेत: जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचे नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही आणि गळ्याला मिठी मारायची नाही.

मांजराची भाषा आणखी सूक्ष्म असते. शेपूट सरळ वर करून येणारे मांजर अभिवादन करीत येते. शेपटीचा फटकारा मात्र नाराजीचा. पोट दाखवून लोळते, तेव्हा ते विश्वास दाखवते. पोटाला हात लावण्याचे ते निमंत्रण नसते. घुरघुर सुखाची असते, तशी वेदनेचीही असू शकते. मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटले-उघडले, तर ते अधिक निःशंकपणे जवळ येते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. मांजर आजार लपवते. ते कोपऱ्यात दडून राहू लागले, खाणे सोडले, अंग चाटून स्वच्छ करणे थांबवले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

छविच्छेद : कान, शेपूट आणि नसबंदी

‘रुबाबदार दिसावा’ म्हणून कुत्र्याचे कान कापणे वा शेपूट तोडणे, मांजराची नखे मुळासकट काढणे हा उघड छविच्छेद आहे. त्यात जनावराचे काडीचेही हित नाही.

नसबंदीचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि अनेक श्रावकांचे मन तेथे अडखळते. शरीराचा अवयव काढणे हे दोषाचेच नव्हे काय? विचार करताना दुसरी बाजूही समोर असावी. मांजर पाच-सहा महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकते. कुत्री व मांजरी दोघींचाही गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. एकेका वेळी चार-पाच पिल्ले जन्मतात आणि त्यांतील कित्येक भुकेने, रोगाने, वाहनाखाली जातात. उरलेली पोत्यात घालून दूरच्या रानात सोडली जातात. सोडणारी माणसेही आपल्यातलीच असतात. पूर्ण भूल देऊन, कुशल पशुवैद्याकडून केलेल्या शस्त्रक्रियेत प्राण्याची वेदना औषधाने आटोक्यात ठेवता येते, आणि मादीला गर्भाशयात पू होण्याच्या जीवघेण्या आजारापासून संरक्षण मिळते. भटक्या कुत्र्यांसाठी नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी आणली आणि २०२३ च्या नियमांनी ती पुढे चालू ठेवली. मारण्याला मिळालेला हा पर्याय आहे. ज्यांचे मन शस्त्रक्रियेला धजावत नाही, त्यांनी निदान माजाच्या काळात मादीला घरात सुरक्षित ठेवण्याची आणि तरीही पिल्ले झाली, तर प्रत्येकाला घर मिळवून देण्याची जबाबदारी उचलावी. दोन्ही टाळून पिल्ले रानात सोडणे कोणत्याही विचारात बसत नाही.

अतिभार : उन्हाचा आणि अपेक्षेचा

कुत्र्या-मांजरांवर ओझे लादले जात नाही; पण सहनशक्तीपलीकडचा भार अनेक रूपांत पडतो. नगर भागातला उन्हाळा हे त्याचे पहिले रूप. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. एप्रिल-मे महिन्यांत त्याला सूर्योदयाच्या सुमारास आणि तिन्हीसांजेनंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, तोल जातो, अशी उष्माघाताची लक्षणे दिसताच सावलीत घेऊन साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि तातडीने दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

दुसरा भार लाडाचा. पेढे, शिरा, तळलेले फरसाण यांनी कुत्रा लठ्ठ होतो, सांधे धरतात, स्वादुपिंडाला सूज येते. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना टोचू नयेत, ही वजनाची सोपी खूण.

भक्तपानविच्छेद : भाकरी, दूध आणि मांजराचा कठीण प्रश्न

आता आहाराकडे वळू. जैन घरासाठी हाच सर्वांत नाजूक भाग आहे.

कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षे राहिला आणि त्याचे पोटही माणसाच्या अन्नाला सरावले. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, असे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणून भाकरीवर वाढलेला गावठी कुत्रा आपल्याला दिसतो. तथापि नुसती भाकरी वा दूधभाकरी हा पूर्ण आहार नव्हे. शाकाहारी घरात कुत्रा सांभाळता येतो, पण त्यासाठी शिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ, सोयाबीन, पनीर, ताजे दही यांतून पुरेशी प्रथिने आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्वे व क्षार द्यावे लागतात. वाढत्या पिल्लाची आणि दूध पाजणाऱ्या मादीची गरज अधिक असते. अनेक मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध पचत नाही. जुलाब होत असतील, तर ते बंद करावे.

कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, द्राक्षे व मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात आणि चॉकलेट त्याच्या हृदयाला. जैन स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसतो, ही सोय आहेच; मनुक्यांकडे मात्र लक्ष हवे. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय.

मांजराची गोष्ट निराळी. निसर्गाने त्याला पूर्ण मांसाहारी घडवले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि वनस्पतीज अन्नात ते जवळजवळ नसते. त्याच्या अभावाने मांजराचा दृष्टिपटल झिजून ते आंधळे होते, हे १९७५ च्या सुमारास कळले. हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणेही त्याला साधत नाही. गावातले मोकळे मांजर दूधभातावर जगते असे आपल्याला वाटते. उरलेली गरज ते आपल्या नजरेआड स्वतः भागवत असते. तेच मांजर सदनिकेत कोंडून केवळ दूधभातावर ठेवले, तर पोट भरलेले दिसूनही ते उपाशीच राहते. कृत्रिम टॉरिन घातलेले वनस्पतीज खाद्य मिळते. पण ते पशुवैद्याच्या देखरेखीखाली, नियमित तपासणीसहच द्यावे. ज्या घराला मांसयुक्त खाद्य आणणे मान्य नाही आणि ही देखरेखही शक्य नाही, त्यांनी हौसेने मांजर आणू नये. आपले व्रत आपण पाळावे. त्याची किंमत दुसऱ्या जिवाच्या डोळ्यांनी चुकवू नये.

दुकानात उंदरांसाठी मांजर ठेवण्याचाही विचार येथेच करावा. हिंसेसाठी जीव पोसण्यापेक्षा धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवणे, भिंतीची भोके बुजवणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे अधिक निर्दोष आणि टिकाऊ. उंदरांना विष घातले, तर विषारी उंदीर खाऊन मांजरही दगावते.

आणखी एक सूचना. चौविहार, उपवास, आयंबिल हे आपले संकल्प आहेत, मुक्या जिवाचे नव्हेत. त्यांना दिवसातून दोनदा, हवे तर सूर्यास्तापूर्वी, जेवण द्यावे. पण स्वच्छ पाण्याचे भांडे रात्रभर भरलेले असावे.

गोचिडी, लसी आणि यतना

गोचिडी मारायच्या कशा, हा प्रश्न संकोचाने विचारला जातो. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात कुत्र्याच्या रक्तातील पेशी घटतात आणि उपचार न झाल्यास तो दगावतो. एक मादी गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून आरंभीची यतना हीच खरी अहिंसा. फटी बुजवाव्यात, अंथरूण दर आठवड्याला उन्हात घालावे, रोज विंचरून अंग तपासावे, गोचिडींना दूर ठेवणारी औषधे पशुवैद्याला विचारून आधीपासून वापरावीत. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कदापि लावू नये. त्याच्यासाठी ते विष आहे.

पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाले, की पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांची लस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी पुनर्लसीकरण करावे. लहानपणी वारंवार आणि मोठेपणी साधारण दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे. तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असले, तरी तेथे चौकशी अवश्य करावी.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर रोग टळतो. कुत्रा किंवा मांजर चावले वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. लस तेथे मोफत मिळते. रक्त आले असेल, तर जखमेत द्यावयाच्या प्रतिद्रव्याबद्दल विचारावे. पुढच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी पूर्ण कराव्यात. घरचेच पिल्लू आहे म्हणून ओरखडा दुर्लक्षू नये.

शेवटची सोबत

कुत्रा दहा-बारा वर्षे, मांजर त्याहून थोडे अधिक जगते. घरात आणताना हा हिशेब मांडावा: मुलगी सासरी जाईल, मुलगा नोकरीला जाईल, मग याचे कोण करील? म्हातारपणी त्याची नजर मंदावते, ऐकू येईनासे होते, अंथरूण ओले होते. त्या काळात त्याला बाहेर सोडणे कायद्यानेही गुन्हा आहे. मऊ बिछाना, हाताजवळ पाणी आणि वेदनाशामक औषधे यांनी त्याचे अखेरचे दिवस सुसह्य करता येतात.

जीवंधरकुमारांनी मरणोन्मुख कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि त्याला देवगती लाभली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तो कुत्रा कुमारांचा पाळीव नव्हता; लोकांच्या मारहाणीने घायाळ होऊन वाटेत पडलेला होता. आपल्या दाराशी आलेला जीव तर रोज आपल्या पावलांची चाहूल घेत बसतो. आज घरी गेल्यावर त्याच्या पाण्याचे भांडे घासून भरावे, गळ्यातला पट्टा दोन बोटे आत जातील इतका सैल आहे का ते पाहावे आणि लसीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.